वाडा गेला, दार उरले

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या घराबद्दल वापरतो. एखाद्या मातब्बर घराण्याची पडझड झाली, चौसोपी वाड्याच्या जागी मोकळे रान दिसू लागले, की आपण मान हलवतो आणि म्हणतो, ‘चालायचेच!’ त्या ‘चालायचेच’मध्ये थोडी हळहळ असते आणि, खरे बोलायचे तर, थोडे समाधानही असते. वाडा जितका मोठा आणि धनी जितका जुलमी, तितके समाधान अधिक. काळ हा न्यायाधीश आहे अशी आपली एक जुनी समजूत आहे. त्याच्या कचेरीत दावा उशिरा बोर्डावर येतो, पण निकाल चुकत नाही. जुलमी राज्यकर्त्याचे घर जमीनदोस्त होते, त्यावर गवत उगवते, आणि आपण समजतो की निकाल लागला.

निकाल खरोखरच लागलेला असतो काय? ज्याने अन्याय केला त्याचे घर पडले म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळाला, असे म्हणता येईल काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण जुन्या गोव्यात एक जागा अशी आहे की तिथे उभे राहिल्यावर तो टाळता येत नाही.

जुने गोवे आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलेले असते. बेळगाव-खानापूरची मंडळी चोर्ला घाट उतरून मंगेशीला, शांतादुर्गेला जातात आणि वाटेत तास-दोन तास इथे थांबतात. बॉम जेझूची बॅसिलिका, समोरचे सी कॅथेड्रल, झाडाच्या सावलीत सोडलेले डबे, मग पणजी. मीही असाच कितीतरी वेळा येऊन गेलो आहे. या खेपेला मात्र मी मुद्दाम नदीच्या बाजूला वळलो. बरोबर आमच्या गल्लीतले निवृत्त इतिहासशिक्षक होते. सारी गल्ली त्यांना ‘सर’ म्हणते, मीही तेच म्हणतो.

मांडवीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे व्हाइसरॉय होता. त्याने पणजोबाची आठवण म्हणून ती बांधवली. नदीच्या अंगाला वास्को द गामाची मूर्ती आहे. आतल्या अंगाला एका स्त्रीची मूर्ती आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलेला आहे. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. कमान पुढे ढासळली आणि १९५४ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ला, बांधणाऱ्यांचे राज्य संपले.

कमानीतून आत आले की जवळच सेंट कॅजेटनचे चर्च आहे, आणि त्याच्या समोरच्या हिरवळीवर एक दार उभे आहे. काळ्या पाषाणाचे घडीव खांब, त्यांवर आडवा दगड, कडेला जाळीकामाच्या खुणा, चढायला पायऱ्या. जांभ्या दगडाच्या या मुलखात तो काळा दगड लगेच डोळ्यांत भरतो. अलीकडे गवत, पलीकडेही गवत. पायऱ्या चढून उंबरठा ओलांडला तर आपण बाहेरून बाहेरच येतो.

आम्ही काहीतरी शोधतो आहोत असे पाहून झाडांना पाणी घालणारा म्हातारा माळी म्हणाला, ‘हांगा फकत दार आसा.’

सरांनी विचारले, ‘आणि वाडा कुठे होता, दादा?’

त्याने पाण्याची नळी धरलेला हात नदीच्या दिशेने गोल फिरवला आणि पुन्हा झाडांकडे वळला.

ते दार आदिलशहाच्या वाड्याचे म्हणून ओळखले जाते. अल्बुकर्कने १५१०च्या सुरुवातीला गोवे घेतले, मे महिन्यात त्याला ते सोडावे लागले, आणि २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा घेतले. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या घरात राहायला जावे, ही रीत सगळीकडचीच आहे. पोर्तुगीज राज्यकर्ते आधी शहराच्या मध्यावरच्या आदिलशाही वाड्यात राहिले आणि १५५४च्या सुमारास नदीकाठच्या किल्ल्यातल्या या वाड्यात आले. रिकाम्या झालेल्या त्या पहिल्या वाड्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. आज दोन्ही वास्तू नाहीत. नदीकाठच्या वाड्यात व्हाइसरॉय १६९५ पर्यंत राहत होते. रोगराईने शहर ओस पडू लागले, तेव्हा त्यांनी मुक्काम शहराबाहेर, पणजीच्या वाटेवरच्या बारुदखान्याच्या वास्तूत हलवला. १७५९ मध्ये ते पणजीला, तिथल्या आदिलशहाच्या वाड्यात गेले. मागे राहिलेला हा वाडा काही काळ समारंभापुरता उघडला जाई, मग तेही थांबले. १८२०च्या सुमारास मोडकळीला आला म्हणून सरकारनेच तो पाडून टाकला. जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचा दगड नव्या पणजीच्या बांधकामांना गेला.

हा वाडा भरलेला असताना कसा होता, हे पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. पिरार नावाचा एक फ्रेंच दर्यावर्दी १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. मालदीवजवळ त्याचे जहाज फुटले, बंदिवास भोगून फिरत फिरत तो इथे पोहोचला होता. त्याने या वाड्यातल्या दिवाणखान्याचे वर्णन केले आहे. पोर्तुगालहून हिंदुस्थानला निघालेली सारी जहाजे तिथे भिंतीवर रंगवलेली होती. कोणत्या वर्षी कोणते गलबत निघाले, त्याचा कप्तान कोण, हे नावानिशी होते. वाटेत जे बुडाले, तेही. दुसऱ्या दालनात व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची पूर्णाकृती चित्रे होती. ती परंपरा १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने सुरू केली. ती चित्रे वाड्याबरोबर गेली नाहीत. आज ती जवळच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात ओळीने टांगलेली आहेत.

मला ती बुडालेल्या जहाजांची गोष्ट फार लागली. आपल्या बुडालेल्यांची नावे भिंतीवर लिहिणारे लोक निर्दय होते असे म्हणवत नाही. ज्याला आपल्या माणसाचे मरण लिहून ठेवावेसे वाटते, त्याला मरण कळते. पण त्याच वाड्याबाहेर ‘रुआ दिरैता’, म्हणजे सरळ रस्ता, सुरू होत असे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच गृहस्थ लिन्सखोतेन याने लिहिले आहे की त्या रस्त्यावर रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी लिलाव चाले. अरबी घोडे, कापड, दागिने, आणि गुलाम माणसे. पुरुष, बायका, मुले. या विकल्या गेलेल्यांचे नाव कुठल्याही भिंतीवर नव्हते. कुणाचे दुःख नोंदवायचे आणि कुणाचे नोंदवायचे नाही, हे ठरवणारी एक रेघ त्या उंबरठ्यावर आखलेली होती. मला वाटते, सत्तेचे खरे घर ती रेघ असते. भिंती मागाहून येतात.

सर पायरीवर बसले होते. म्हणाले, ‘बरे झाले पाडला ते. एवढे पाप झालेली जागा, तिथे गवतच शोभते.’

त्यांचा राग मला कळतो. पण ‘बरे झाले’ म्हणण्याआधी वाडा कुणी पाडला ते पाहिले पाहिजे. लिलावात विकलेल्यांच्या मुलानातवंडांनी तो पाडला नाही. ज्यांची देवळे गेली त्यांनी पाडला नाही. तो त्याच्या धन्यानेच पाडला, आणि तोही पश्चात्तापाने पाडला नाही. जुने घर गैरसोयीचे झाले, नवे बांधायचे होते, दगड कामाचा होता. आपण जुना माळा काढतो तितक्या सहजपणे हे घडले. ज्या वर्षी ते पाडले गेले त्या वर्षी गोव्यातल्या कुठल्याही गावकऱ्याच्या डोक्यावरचा एक छटाकही भार कमी झाला नाही. सत्ता तीन कोसांवर पणजीत सुखरूप होती आणि पुढे जवळजवळ एकशे चाळीस वर्षे राहिली. या रिकाम्या जागेला काळाचा न्याय म्हणणे म्हणजे घरमालकाने बिऱ्हाड बदलले त्याला शिक्षा म्हणण्यासारखे आहे.

आणि समजा, लोकांनीच तो पाडला असता, तर? रागाला वाट मिळाली असती, हे खरे. रागाला वाट मिळणे ही काही तुच्छ गोष्ट नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय राहिले असते? दगडांचा ढीग, आणि ‘आम्ही पाडला’ ही आठवण. ‘आमचे काय केले होते’ ही आठवण हळूहळू तिच्याखाली गाडली गेली असती. पाडणाऱ्याला स्वतःचा पराक्रम आठवतो. त्यामागचा दावा तो विसरून जातो. असे पुष्कळ ठिकाणी झाले आहे.

याच प्रदेशात पाडापाडीची दुसरी एक गोष्ट घडली, ती या दाराशेजारी ठेवून पाहावी. त्याच सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेस आणि साष्टी इथली देवळे राज्यकर्त्यांच्या हुकमाने पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश १५६०च्या सुमारास रातोरात नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातल्या प्रियोळला नेला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. धक्क्यावरून समोर दिसणाऱ्या दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. देवाचे घर पाडले तेव्हा लोकांनी देव पाठीवर घेतला आणि दगड मागे ठेवले. राज्यकर्त्याचा वाडा पडला तेव्हा लोकांनी दगड नेले. आत पाठीवर घेण्यासारखे काही नव्हते. कुठले घर खरोखर कुणाचे होते, हे ते पडल्यावर लोक काय उचलतात त्यावरून कळते. आपण मंगेशीला जातो आणि या दारापाशी थांबत नाही, त्यात एक प्रकारचा निवाडा आहेच.

पण हा निवाडाही अर्धाच आहे, आणि तो अर्धा का आहे हे सांगण्यासाठी मला या वाड्यातल्या एका माणसाकडे वळले पाहिजे.

फ्रान्सिस्को द ताव्होरा, कोंद द आल्व्होर, हा १६८१ पासून व्हाइसरॉय होता. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने राजधानीजवळचे जुवे बेट घेतले. शहरात हाहाकार उडाला. व्हाइसरॉय बॉम जेझूमध्ये गेला, सेंट झेवियरची शवपेटी उघडवली, आणि आपल्या अधिकाराचा दंड संताच्या हाती ठेवून त्याने गोव्याचे रक्षण करण्याची विनवणी केली. पुढे शाह आलमची मोगल फौज रामघाट उतरून कोकणात आल्यामुळे महाराजांना माघार घ्यावी लागली. गोवे वाचले. आमच्या बेळगावाकडच्या त्या घाटवाटेने गोव्याचे नशीब एकदा असे फिरवले आहे.

भीतीने गुडघ्यावर आलेला माणूस धोका टळल्यावर दयाळू होईल, असे वाटते. तसे झाले नाही. काही महिन्यांतच, २७ जून १६८४ला, याच व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोव्याच्या रहिवाशांनी आपली बोलण्याची भाषा टाकावी आणि पोर्तुगीज बोलावी. त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. तीन वर्षांनंतर बोलणाऱ्याला शासन व्हायचे होते.

दुभाषी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला या हुकमाचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीच्या दारात तिसरी, हा आपला रोजचा व्यवहार. सरकारी अर्जावर आपले नाव दुसऱ्या लिपीत लिहिताना एक वेलांटी चुकली तर काय वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे ‘तीन वर्षांत भाषा टाका’ हे वाक्य वाचून आपल्याला संताप येतो, आणि तो योग्यच आहे. विशेष म्हणजे, त्याच राज्यात त्याच्या आधी पाद्री मंडळी इथल्या भाषा शिकत होती. फादर स्टीफन्सचे मराठीतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, आणि त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भाषेची किंमत कळत असतानाही ती टाकायला सांगण्यात आली. अज्ञानाची सबब इथे चालत नाही.

हुकूम पुरता अमलात आला नाही. येणे शक्यही नव्हते. शेतात, होडीत, बाळाला झोपवताना माणूस हुकमाने बोलत नाही. देव जसा पाठीवरून नदीपार गेला तशी कोकणी तोंडातोंडी टिकली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. हुकूम सुटला तो वाडा नाही आणि ज्या भाषेवर तो सुटला ती आहे. त्या दारापाशी उभे राहून एक म्हातारा ती बोलतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

इथे टाळी वाजवून लेख संपवता आला असता. पण टिकून राहणे आणि न्याय मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणी टिकली, पण जखम घेऊन टिकली. शिकलेल्या कितीएक घरांत ती नोकरमाणसांशी बोलायची भाषा होऊन बसली. दोन-अडीच शतके तिच्यात लिहिणारे विरळ झाले. शणै गोंयबाबांना, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकरांना, विसाव्या शतकात आपल्याच माणसांना पटवून द्यावे लागले की ही भाषा लिहिण्यासारखी आहे. हुकूम कागदावर हरला आणि मनात जिंकला. व्हाइसरॉयने वाडा सोडला, पण त्याचे वाक्य लोकांच्या घरात राहायला आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

मग न्याय कशात आहे? मला याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही, पण एक धागा सापडतो तो कुन्हा रिव्हारा नावाच्या माणसाजवळ. हा पोर्तुगीज विद्वान १८५५ मध्ये गव्हर्नर जनरलचा चिटणीस म्हणून गोव्यात आला. म्हणजे त्याच सत्तेचा नोकर. त्याने स्टीफन्सचे व्याकरण १८५७ मध्ये पुन्हा छापले आणि १८५८ मध्ये कोकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहिला. त्यात आपल्याच पूर्वसुरींनी या भाषेचे काय केले ते त्याने दफ्तरातल्या कागदांनिशी मांडले, आणि ही भाषा जपावी, शिकवावी असे आग्रहाने सांगितले. त्याने सत्ता सोडली नाही, राज्य उलथले नाही. त्याच्या मर्यादा आपण विसरू नयेत. पण त्याने एक काम केले. आपल्या घराने केलेला अन्याय त्याने आपल्या घराच्या दफ्तरातून बाहेर काढला आणि सही करून लोकांपुढे ठेवला. त्या वाड्याच्या भिंतीवर ज्यांची नावे कधी आली नसती, त्यांची बाजू त्याने निदान कागदावर आणली.

मला वाटते, पडलेल्या वाड्यापेक्षा या कृतीत न्यायाचा अंश अधिक आहे. काय झाले ते कुणीतरी स्वच्छ सांगणे, ज्याचे हात त्यात गुंतले आहेत त्याने सांगणे, ही पहिली पायरी. दुसरी पायरी अधिक कठीण आहे. ज्या नियमाने आपल्यावर अन्याय झाला, तो नियम आपल्या सोयीचा असेल तेव्हाही आपण नाकारला पाहिजे.

हे मी सरांना परतीच्या वाटेवर बोललो. ते म्हणाले, ‘म्हणजे काय? आपण कुणावर हुकूम काढले?’

हुकूम आपण काढले नाहीत. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर सीमाभागात आपल्या वाट्याला हुकूम ऐकण्याचेच काम आले. मराठी शाळा, मराठी फलक, मराठीतले कागद यांसाठी अर्ज लिहिण्यात एका पिढीचे केस पांढरे झाले. ही तक्रार खरी आहे आणि ती मांडत राहिले पाहिजे. पण हीच आपण मंडळी घाट उतरून गोव्यात गेलो, की चहाच्या टेबलावर किती सहज म्हणतो, ‘कोकणी ही काय, मराठीचीच बोली!’ १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाच्या वेळी हे वाक्य मोठ्याने बोलले गेले, राजभाषेच्या वादात बोलले गेले, आणि आजही बोलले जाते. गोव्यात मराठीचे स्थान उसने नाही, हे मला मान्य आहे. तिथल्या देवळांतली कीर्तने, नाटके, वर्तमानपत्रे, शाळा पिढ्यान्‌पिढ्या मराठीत चालत आली आहेत. तिथल्या मराठीच्या हक्कासाठी बोलणे वेगळे. त्यासाठी शेजारणीला ‘तू भाषाच नाहीस’ म्हणायची गरज नाही. आपल्या घराची वाट मागताना दुसऱ्याच्या घराला घर म्हणायचे नाकारले, तर आपण आल्व्होरच्याच दिवाणखान्यात जाऊन बसतो. फरक एवढाच, की आपण तीन वर्षांची मुदत देत नाही.

आणि घरी? आमच्या गल्लीत दूध घालणारा कन्नड बोलतो, खानापूरकडची ख्रिस्ती बाई कोकणी बोलते, दर्ग्याजवळचा बॅटरीवाला उर्दू-दखनी बोलतो. आपण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलतो ते बहुधा भाव करताना. या चार शब्दांतले दोन आदराचे आहेत की चारही कामाचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या उंबरठ्यावर विचारावा. त्यासाठी सरकार बदलावे लागत नाही.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पण मग आपल्यावर झालेल्याचे काय? ते सोडून द्यायचे?’

नाही. इथेच भल्या माणसांची गफलत होते. उदारपणा म्हणजे दावा काढून घेणे, असे त्यांना वाटते. दावा मागे घेऊ नये, कागद जपावेत, नावे जपावीत. आपले दुःख खरे मानायला दुसऱ्याचे दुःख खोटे ठरवावे लागत नाही, उलट दुसऱ्याचे खरे मानले की आपल्या बोलण्याला वजन येते. ज्याला फक्त स्वतःची बुडालेली जहाजे भिंतीवर रंगवता येतात, त्याची तक्रार आणि त्याचा अधिकार यांत फार अंतर नसते. आज तो तक्रार करतो. उद्या अधिकार मिळाला की तोच हुकूम काढतो. इतिहासात ही अदलाबदल व्हायला पिढीसुद्धा लागलेली नाही.

तो काळा दरवाजा जपून ठेवला आहे ते म्हणूनच योग्य आहे. वाडा पुन्हा बांधू नये, दारही पाडू नये. माझी एवढीच सूचना आहे की त्या दाराजवळ २७ जून १६८४चा हुकूम लिहून लावावा. कोकणीत लावावा, मराठीत लावावा, पोर्तुगीजमध्ये लावावा, आणि घाटावरून येणाऱ्यांसाठी कन्नडमध्येही लावावा. खाली कुणाला शिव्या नकोत, कुणाचा जयजयकार नको. देवदर्शन करून परतणाऱ्या माणसाने तो आपल्या भाषेत वाचावा, हुकूम सोसणाऱ्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. ते सोपे आहे, आपल्याला सरावाचे आहे. मग पायऱ्या चढून पलीकडे जावे आणि हुकूम काढणाऱ्याच्या जागीही क्षणभर उभे राहावे. त्या जागी आता भिंती नाहीत, पहारा नाही, कुणी अडवत नाही. तिथे उभे असताना मनात ज्याची भाषा, ज्याचे नाव, ज्याचे दुःख आठवत नाही, त्याच्याशी आपला हिशेब अजून बाकी आहे असे समजावे.